तीनशे झाडं लावायच्या आधी पाणी घालणारी तीन माणसं शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वडगावकडच्या तुमच्या कॉलनीत वीसेक गुंठ्यांची ओपन स्पेस पडून आहे, गाजरगवत माजलंय, एका कोपऱ्यात कचरा आणि फाउंड्रीची जळकी वाळू कुणीतरी रात्रीत ओतून गेलंय, गल्लीतली पंधरा-वीस पोरं तयार आहेत आणि ५ जूनला तीनशे झाडं लावून टाकायचं ठरतंय, तर झाडं कुठली लावायची आणि परवानगी कुणाची घ्यायची. शिवाय रायबागकडच्या तुमच्या गावी माळावर पण असंच काहीतरी करायचं मनात आहे. मी ह्या उद्योगात बेळगावात वीसेक वर्षं काढलीत, हात भाजूनच शिकलोय, त्यामुळं जरा लांबडं लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे तीनशे हा आकडा डोक्यातनं काढा. आमच्या पहिल्या खेपेला आम्ही दीडशे लावली होती, फोटो झाले, नगरसेवक आले, नारळ फुटला, पेपरात बातमी पण आली. तिसऱ्या वर्षी मोजली तेव्हा अकरा उरलेली, आणि त्यातली सात एकाच आज्जीच्या दारासमोरची होती, कारण ती आज्जी भांडी विसळलेलं पाणी रोज त्या सातांना घालायची. बाकीच्यांवर आमचा जीव होता म्हणे, पण पाणी घालायला कुणी नव्हतं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, झाडाच्या आधी माणूस ठरवायचा. कागदावर झाडाचं नाव लिहिलं की त्याच्यापुढं घराचं नाव लिहायचं, आणि घर त्या झाडापासून फार तर पन्नास पावलांवर पाहिजे. ज्या झाडापुढं घर लिहिता येत नाही ते झाड लावायचं नाही, एवढं साधं.

हिशोब करून बघा की. रोपाला डिसेंबर ते मे आठवड्याला निदान वीस लिटर पाणी लागतं. तीनशे रोपं म्हणजे आठवड्याला सहा हजार लिटर, म्हणजे पाच हजारचा एक टँकर घालून पण पुरं पडत नाही, आणि हे पंचवीसेक आठवडे. दीड लाख लिटर झालं, ते पण एका उन्हाळ्याचं. आणि दोन उन्हाळे तर काढायलाच लागतात, मुरमाड जागा असली तर तीन. ह्याउलट पस्तीस झाडं लावलीत तर आठवड्याला सातशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे साडेतीन ड्रम. हे कुठलीपण गल्ली करू शकते. आणि वीस गुंठ्यात तीनशे मोठी झाडं मावत पण नाहीत हो. वीस गुंठे म्हणजे एकवीस हजार सातशे ऐंशी स्क्वेअर फूट, चौकोनी धरलं तर कडेकडेनं जवळजवळ सहाशे फूट होतात, वीस फुटांवर एक धरलं तर एकोणतीस-तीस झाडं कडेला आणि मधे पाच-सहा, झालं. मधली जागा पोरांना खेळायला आणि आज्जी-आजोबांना बसायला मोकळी ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी तीच पोरं क्रिकेटला जागा नाही म्हणून झाडं मोडतील, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणवणार नाही.

कुणीतरी तुम्हाला मियावाकी करा म्हणून सांगणार, सांगितलं पण असेल. अकिरा मियावाकी हे जपानचे वनस्पतीशास्त्रज्ञ, २०२१ मध्ये वारले, त्यांची पद्धत म्हणजे एका चौरस मीटरला तीन-चार रोपं दाट लावायची, खाली भरपूर खत-भुसा-पेंढा घालायचा आणि दोन-तीन वर्षं पाणी-निंदणी करायची. पद्धत खोटी नाही. पण माती बदलायला लागते, खर्च दणकून येतो, आणि तयार होतं ते आत शिरता न येणारं झाडोऱ्याचं गच्च ठोकळं. एखाद्या कारखान्याच्या कंपाउंडला, धूळ अडवायला, उद्यमबागसारख्या ठिकाणी चांगलं आहे. कॉलनीच्या एकुलत्या एक मोकळ्या जागेत करू नका, लोकांना संध्याकाळी बसायला सावली पाहिजे असते, जंगल नको असतं.

आता ५ जूनचं. पर्यावरण दिन १९७२ च्या स्टॉकहोमच्या परिषदेनंतर ठरला आणि १९७३ पासून साजरा होतो, तिथल्या लोकांनी आपला मृग बघून तारीख काढलेली नाही. आपल्याकडं मृग ७-८ जूनला निघतो आणि तो कधी कोरडाच जातो, वळवाच्या दोन सरींवर लोक खड्डे भरतात आणि मग पंधरा दिवस ऊन पडलं की रोपं माना टाकतात. बेळगाव शहरात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टला. म्हणून खड्डे एप्रिल-मे मध्ये काढून उन्हात तापू द्यायचे आणि लागवड आर्द्रात करायची, २२ जूननंतर, जमीन हातभर ओली झाली की. ५ जूनला कार्यक्रम करायचाच असला तर करा, पण त्या दिवशी खड्डे भरा, प्लास्टिक उचला, गाजरगवत उपटा, झाड एकच लावा फोटोपुरतं.

पण वडगाव-शहापूरकडची जमीन म्हणजे काळी, भाताची. ह्याच पट्ट्यात बेळगावचा बासमती पिकतो, म्हणजे पाणी धरून ठेवणारी जमीन, भाताला सोनं आणि आंब्याला विष. तिथं जुलैच्या झडीत खड्ड्याची विहीर होते आणि रोप बुडून मुळं कुजतात, वरनं पानं पिवळी दिसतात आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाणी घालतो. अशा जागी खड्डा नाही तर उंचवटा, फूट-दीड फूट मातीचा गड्डा करून त्यावर लावायचं. ह्याच्या उलट वेंगुर्ला रोडच्या अंगाला, हिंडलगा-उचगावकडं, तांबडी जांभ्याची जमीन, तिथं पाणी राहतच नाही, तिथं खड्डा दोन बाय दोन बाय दोन फुटाचा तरी पाहिजे, खाली जांभा लागला तर पहारीनं फोडून घ्यायचा आणि आत पालापाचोळा, शेणखत, वरची माती घालायची. म्हणजे एकाच शहरात दोन तऱ्हा आहेत, आणि नेटवर बघून केलेली सगळी कामं इथंच फसतात.

जळकी वाळू मात्र आधी उचला. नुसती वाळू असती तर चाललं असतं, पण साच्याच्या वाळूत बाइंडर, कोळशाची भुकटी, कधी धातूचे कण असतात, आणि त्यात झाड रुजत नाही. वर माती टाकून झाकू नका, आम्ही झाकली होती, तिथली करंजं पण खुरटली, आणि करंज म्हणजे दगडात येणारं झाड. जेसीबीचा अर्धा दिवस लागतो, गल्लीत कुणाचातरी भाऊ-मेव्हणा जेसीबीवाला असतोच बेळगावात.

गाजरगवताचं सांगतो. ते फुलावर यायच्या आधी, जून-जुलैत, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं, ज्यांना अंगाला खाज सुटते त्यांनी लांबच राहायचं, दमा असलेल्यांनी तर येऊच नये. फुलावर आलं की उपटताना बी सांडतं आणि पुढल्या वर्षी दुप्पट. त्या जागी टाकळ्याचं बी मे महिन्याच्या शेवटी फेकून ठेवा, तरोटा म्हणतात तो, पहिल्या पावसात असा दाट उगवतो की गाजरगवताला डोकं वर काढता येत नाही, आणि कोवळ्या पाल्याची भाजी पण होते. पावसाळ्यात गाजरगवताची पानं खाणारे पांढरट, त्यावर काळ्या रेघांचे भुंगे दिसले तर मारू नका, ते मेक्सिकोचे भुंगे १९८४ मध्ये बेंगळुरूत मुद्दाम सोडलेले आहेत ह्याच कामासाठी.

आता झाडं. अरण्य खात्याच्या नर्सरीत जाताना मराठी नावं घेऊन गेलात तर तिथला माणूस तुमच्याकडं बघत राहणार, म्हणून कन्नड नावं पाठ करून जा. करंज म्हणजे होंगे, जांभूळ म्हणजे नेरळे, कडुनिंब बेवु, उंबर अत्ती, फणस हलसु, चिंच हुणसे, आवळा नेल्ली, बहावा कक्के, ऐन मत्ती, अर्जुन होळे मत्ती. एवढं बोललात की मग तो माणूस आपोआप आतली चांगली रोपं काढून देतो, हा माझा अनुभव आहे, भाषेचं भांडण नर्सरीच्या गेटाबाहेर राहतं. रोप घेताना आठ बाय बाराच्या पिशवीतलं निदान, त्याहून मोठं मिळालं तर उत्तम, पाच-सहा फूट उंच आणि दांडा अंगठ्याएवढा जाड. बारकं रोप स्वस्त पडतं पण शेळीच्या तोंडाला बरोबर लागतं. पिशवी उचलून खाली बघा, मुळ्या बाहेर येऊन गोल वेटोळं झालं असेल तर ते रोप ठेवा तिथंच. आणि लावताना पिशवी पूर्ण काढायची, हे सांगायला लागतं ह्याची लाज वाटते पण दर वर्षी निम्मी रोपं आम्ही पिशवीसकट लावलेली बघतो.

तुमच्या जागेत कडेला जांभूळ, करंज, बकुळ, ताम्हण, बहावा, कांचन, आपटा, मधल्या एका जागी मोठा वड किंवा उंबर, एकच. सातवीण मात्र नको, फुलाच्या वासानं आसपासची माणसं ऑक्टोबरात भांडायला येतात. वड-पिंपळ कंपाउंडजवळ, गटारीजवळ, विहिरीजवळ लावायचे नाहीत. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात अर्जुन आणि जांभूळ, ही दोघं पाण्यात पाय ठेवून उभी राहतात. विजेच्या तारांखाली उंच वाढणारं काही नको, दर मे महिन्यात लाईनवाले येऊन अर्धं झाड छाटून जाणार आणि मग ते एका अंगाला कललेलं झाड वादळात पडणार, तिथं पारिजातक, कांचन, आपटा, फार तर सीताअशोक. गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री पटकन सावली देतात खरं, पण फांद्या ठिसूळ, आणि बेळगावच्या मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात गाड्यांवर पडणाऱ्या फांद्या बघा कुठल्या असतात ते. सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ तर फुकट मिळाली तरी नको. निलगिरीच्या नव्या लागवडीवर तर कर्नाटकानं २०१७ मध्ये बंदी घातली होती. कोनोकार्पस सध्या फॅशनमध्ये आहे, सोसायटीवाले ओळीनं लावतायत, गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्यावर बंदी घातली, आपण काय ते धरून बसायचं.

पैसे कमी असतील तर रोपं घरी करा, हे मला सगळ्यात आवडतं. जांभळाचं बी खाल्ल्यावर धुऊन आठ-पंधरा दिवसांत पेरायचं, ठेवलं की मेलं. करंज तर शेंग फोडून टाकली की येतो. बहाव्याचं बी दगडासारखं, त्याला एका बाजूनं पॉलिश पेपर घासा किंवा गरम पाण्यात रात्रभर ठेवा, नाहीतर वर्षभर वाट बघत बसाल. शाळेच्या पोरांना हे काम द्या, दुधाच्या पिशव्या पुरतात सुरुवातीला. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या देवराईत जाऊन पडलेलं बी वेचून आणलं तर त्याच्यासारखं नाही, पण देवाला आणि गावच्या पंचांना विचारून, आणि मूठभरच.

झाडाभोवतीचा गार्ड. लोखंडी गार्डवर देणगीदाराचं नाव येतं म्हणून लोक लोखंडी देतात, एक तर तो भंगारात जातो, नाहीतर राहिला तर आठ वर्षांनी झाडाच्या खोडात रुतून झाडाचा गळा आवळतो. बांबूच्या चार काठ्या आणि बाहेरनं हिरवी जाळी, तीन वर्षांत कुजून जाते, तोवर झाडाचं झाड होतं. आतल्या बाजूला एक काठी रोपाला सैल आठच्या आकड्यात बांधायची, सुतळीनं, नायलॉननं नाही. बुंध्याशी वीतभर जाड पालापाचोळा, पण खोडाला चिकटून नको. चिक्कोडी-रायबागकडं तर उसाचं पाचट ढिगानं जाळतात, ते एक ट्रॉली आणलं तर पाणी जवळजवळ निम्मं लागतं.

आणि ब्लॉक. बेळगाव २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत आलं, तेव्हापासून सगळ्यांना पेव्हर बसवायची हौस आलीय. बागेला निधी मिळाला की पहिल्यांदा ब्लॉक, मग लॉन, मग कारंजं. निधी देणाऱ्याला हात जोडून सांगा की ब्लॉक नको, आणि घालायचेच असले तर बुंध्याभोवती निदान एक मीटर माती उघडी ठेवा, राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात हेच सांगितलेलं आहे, अर्जात लिहायला उपयोगी पडतं. लॉन तर अजिबात नको, आपल्याकडं उन्हाळ्यात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं तिथं गवताला पाणी घालताना लाज वाटली पाहिजे.

पाणी कुठलं? हा खरा प्रश्न, आणि बेळगावात त्याचं उत्तर जमिनीतच आहे. जुन्या पेठांत, टिळकवाडीत, शहापुरात विहिरींची काय कमी नाही, निम्म्या कचऱ्यानं भरलेल्या. १९२४ च्या अधिवेशनाला, गांधीजी अध्यक्ष होते ते, आलेल्या लोकांना पाणी पुरावं म्हणून टिळकवाडीत जी विहीर खणली ती काँग्रेस विहीर, पंपा सरोवर म्हणायचे तिला, शंभर वर्षं होऊन गेली तरी अजून उभी आहे. नव्वदच्या दशकात टंचाई आली तेव्हा अशा जुन्या विहिरींचा गाळ काढून शहराला पाणी दिलं गेलं. तुमच्या पाचशे फुटांत अशी विहीर आहे का बघा. आम्ही एक काढली, चौदा ट्रॉल्या गाळ, त्यात तीन सायकली, गणपतीच्या मूर्ती आणि एक शिलाई मशीन निघालं. मालकी विचारा आधी, घराण्याची असते, देवस्थानची असते. एकदा उपसा झाला की वर जाळी टाका आणि निर्माल्यासाठी शेजारी वेगळा हौद बांधा, नुसतं टाकू नका म्हणून बोर्ड लावला तर लोक बोर्डावरनंच टाकतात. गणपतीच्या अकरा दिवसांत निर्माल्य गोळा करून त्याचं खत करायचं काम महिला मंडळाला द्या, मंडळाच्या पोरांपेक्षा त्या जास्त चिकाटीच्या असतात.

विहीर नसेल तर दोन-चार घरांच्या टेरेसचं पाणी पाइपनं आणून तुमच्या जागेच्या उताराच्या कोपऱ्यात शोषखड्डा करा, हजार स्क्वेअर फुटाच्या टेरेसवर बाराशे मिलिमीटर पाऊस पडला तर वर्षाला लाखभर लिटर पाणी येतं. हो, काळ्या जमिनीत शोषखड्डा खाली मुरमापर्यंत न्यायला लागतो, वर केला तर तो डबकं होऊन बसतो. तुमच्या जागेला बळ्ळारी नाल्याकडचा उतार असेल तर आणखी एक गोष्ट, ऑगस्ट २०१९ च्या पुरात नाल्याकाठचं काय झालं ते तुम्ही बघितलंय. तिथल्या मोकळ्या जागेत भर घालू नका, ती जागा खोलगट आहे ती पाणी थांबवायला आहे. तिच्यात बाग करायची तर पाणी दोन दिवस उभं राहिलं तरी चालेल अशी करा, काठाला अर्जुन-जांभूळ आणि मधे गवत.

परवानगीचं. कागद आधी, खड्डा नंतर. बुडाकडनं, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाकडनं, तुमच्या लेआउटचा मंजूर नकाशा काढा, माहिती अधिकारात अर्ज केला तर मिळतो. नकाशात ती जागा पार्क किंवा ओपन स्पेस म्हणून दाखवलीय की सीए साईट (नागरी सुविधांसाठी राखलेली जागा) म्हणून, हे बघा, फरक फार मोठा आहे. पार्क म्हणून असली तर कर्नाटकचा १९८५ चा पार्क-मैदान-मोकळ्या जागांचा कायदा तिच्या पाठीशी आहे. सीए साईट असली तर ती उद्या कुठल्यातरी संस्थेला बांधकामाला मिळू शकते आणि तुमची दहा वर्षांची झाडं समाजभवनाच्या पायात जातील, आमच्या शेजारच्या कॉलनीत झालंय हे. मग पुढचा प्रश्न, बुडानं ती जागा महापालिकेकडं सोपवली का. नसेल सोपवली तर दोन्ही ऑफिसं एकमेकांकडं बोट दाखवतात आणि तुम्ही मधे. अर्ज दोघांनाही द्या, पोच घ्या. अर्ज कन्नडमध्ये द्या, खाली मराठीत जोडा पाहिजे तर. मला माहितीय ह्यावरनं आपल्यात लोकांना राग येतो, हक्काचं हक्काच्या जागी भांडा, पण टेबलावरचा क्लार्क बदली होऊन धारवाडचा-बागलकोटचा आलेला असतो, त्याला वाचता आलं तर फाईल हलते. वॉर्ड समिती असेल तुमची तर तिच्या बैठकीत विषय नोंदवून घ्या, ५८ वॉर्डांचं शहर आहे, नगरसेवकापेक्षा इतिवृत्तातली ओळ जास्त टिकते.

जुनं झाड तोडायला मात्र, ते वाळलेलं असलं तरी, १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, हे घरातल्या झाडाला पण लागतं. तुमच्या जागेत दोन सुबाभळी असतील तर त्या पण परस्पर तोडू नका, ज्याला तुमचं काम बघवत नाही तो फोटो काढून ठेवतो.

नावाचा बोर्ड. बागेला नाव द्यायचा मोह आवरा. आपल्याकडं पाटी म्हटलं की झाड बाजूला राहतं, अक्षरं कुठल्या भाषेची आणि केवढी ह्यावरनं पोलीस येईस्तोवर जातं. आम्ही फक्त झाडांच्या पाट्या लावल्या, जांभूळ आणि नेरळे एकाच पाटीवर, खाली शास्त्रीय नाव. त्यावर आजवर कुणी भांडलेलं नाही, उलट शेजारची कन्नड शाळा आणि मराठी शाळा दोन्हीची पोरं येऊन वह्यांत लिहून घेऊन जायलेत.

पानगळीचं आत्ताच ठरवून ठेवा. फेब्रुवारी-मार्चला पानांचा ढीग पडला की कुणीतरी काडी लावतोच, आणि त्या धुरानं झाडाची खालची पानं करपतात, म्हातारी माणसं खोकतात. कोपऱ्यात चार बाय चार फुटाचा कोंबडीच्या जाळीचा पिंजरा करा, पानं दाबून भरा, शेणाचा काला मारा, ओल ठेवा, सहा महिन्यांत खाली काळं सोनं मिळतं. त्यात स्वयंपाकघराचा कचरा टाकू देऊ नका, घुशी येतात आणि मग सगळी बागच बदनाम होते.

पैशाचं फार लिहीत नाही. भिशीसारखं करा, घरामागं महिन्याला ठरावीक रक्कम, त्यातनं उन्हाळ्याचे सहा महिने आठवड्यातनं दोनदा पाणी घालायला एक माणूस पगारी ठेवा. फुकटातल्या श्रमदानावर पावसाळा निघतो, एप्रिल निघत नाही. बेळगावात रविवारी झाडं लावणारे ग्रीन सेव्हियर्स आहेत, तलावांचा गाळ काढणारं प्यास फाउंडेशन आहे, त्यांची कामं जाऊन बघा, बरोबर काम करून बघा, पण तुमच्या गल्लीचं पाणी त्यांनी येऊन घालावं अशी अपेक्षा धरू नका.

राहिलं गावाकडचं. रायबागचा तुमचा माळ उजाड आहे म्हणून तिथं झाडं लावायचीयत असं म्हणालात, तर मी हात जोडून सांगतो की आधी तो उजाड आहे का ते बघा. मार्चमध्ये सगळाच माळ उजाड दिसतो. सप्टेंबरात जा, कुसळी, पवना, मारवेल गुडघ्याएवढं असतं, त्यात चंडोल, माळटिटवी, रात्री खोकड. धनगरांची मेंढरं त्याच्यावर जगतात. कमरेएवढे खड्डे काढून त्यात गुलमोहर लावला तर झाड पण येणार नाही आणि गवत पण जाईल. तिथं वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक खूष, आणि तो पण बराचसा परतीचा, म्हणून लावायचंच असलं तर मघा-पूर्वात, ऑगस्टच्या शेवटी, ते पण माळावर नाही, ओढ्याकाठाला, तळ्याच्या बांधाखाली, रस्त्याकडेला आणि शेताच्या बांधावर. तिथं कडुनिंब, बाभूळ, बोर, चिंच, करंज. बांधावर लावणाऱ्या शेतकऱ्याला अरण्य खात्याची कृषी अरण्य प्रोत्साह योजना आहे, स्वस्तात रोपं मिळतात आणि जगलेल्या रोपामागं तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं पैसे मिळतात, पहिल्या वर्षी ३५, मग ४०, मग ५० असे रोपामागं सव्वाशे, चालू वर्षाचा दर रेंज ऑफिसात विचारून घ्या. बघा, सरकारनं पण पैसे लावण्याचे नाही, जगवण्याचे ठेवलेत. आणि गोमाळ, म्हणजे गावची चराईची सरकारी जमीन, असेल ती जागा तर पीडीओला (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला) आणि धनगर वस्तीला बसवून आधी बोला, चराई बंद करायची असली तर एका वेळी चौथाई तुकडाच दोन वर्षं बंद करा, बाकी मोकळं ठेवा. नाहीतर कुंपण रात्रीत जातं.

ह्या रविवारी तुम्ही काय करायचं तर एवढंच, पहारी घेऊन चार कोपऱ्यांत आणि मधोमध असे पाच दोन-दोन फुटाचे खड्डे काढा, माती हातात घेऊन बघा, आणि संध्याकाळी प्रत्येकात दोन बादल्या पाणी ओता. सकाळी सहाला जाऊन बघायचं. पाणी गेलेलं असलं तर तिथं खड्डा, तसंच उभं असलं तर तिथं उंचवटा, नकाशावर खुणा करून ठेवा. आणि रात्री खड्ड्यांवर फळ्या टाकायला विसरू नका, आमच्याकडं एका खड्ड्यात मंगळवारी रात्री भजनाहून येणारे काका लुनासकट गेलेले, पाय वाचला, पण पुढं दोन वर्षं त्या काकांनी बागेला वर्गणी दिली नाही.